बिनडोळ्यांचे सिंह

गिरगाव, मुंबई
३ नोव्हेंबर १९३२

शमसूभाई,

दिवाळी झाली. चाळीत यंदा कंदील कमी होते. मे महिन्यात या शहराला जे लागलं ते अजून पुरतं उतरलेलं नाही. दंगल संपली असं पोलीस सांगतात, पण समोरून अनोळखी माणूस आला की लोक अजून रस्त्याची बाजू बदलतात. मीही बदलतो. छापखान्यातून घरी येईपर्यंत थकवा येतो, आणि तो कामाचा नसतो.

हलिमाभाभी गेल्याचं कळलं तेव्हा लिहिलं होतं, त्यापेक्षा जास्त काही लिहिता येत नाही. वेणू अजून त्यांची आठवण काढते. दंगलीत शेवटच्या बोटीने आम्ही गावी आलो तेव्हा आमच्या घराचं कुलूप गंजून बसलं होतं, आणि पहिलं जेवण त्यांच्या चुलीवरचं होतं.

आता कामाचं. आपल्या खारवाडीच्या मुंबईकर मंडळाची सभा झाली. मी चिटणीस, म्हणजे भांडणं लिहून घेणारा. सदू गुरवाने कळवलं होतं की कालकाईच्या पालखीला वाळवी लागली आहे, दांड्यात बोट जातं. चैत्रातल्या जत्रेआधी नवी पालखी करायची ठरली. ती तूच करायची. तुझ्या आजोबांनी केली, वडिलांनी दुरुस्त केली, दांड्याच्या दोन्ही टोकांचे सिंह एकदा तू बदललेस. मंडळातल्या नव्या पोरांना मी तुमच्या घराण्याची रीत सांगितली, की मिस्त्री सिंह करतात पण डोळे कोरत नाहीत, आणि देवळात आल्यावर गुरव ते डोळे उघडतो. पोरं ऐकत राहिली. दोघे मात्र म्हणाले की या वर्षी तरी मुसलमान नको. त्यांच्याशी मी भांडलो.

खरं सांगायचं तर याच वर्षी तू पाहिजेस. मुंबईत जे झालं त्यानंतर एका गावात मुसलमान मिस्त्री देवीची पालखी करतो हे चार लोकांना कळायला हवं. छापखान्यात एका वर्तमानपत्राचे संपादक येतात, त्यांच्या कानावर घालून ठेवलं आहे.

लाकूड कोणतं घ्यायचं ते लिही.

तुझा
दत्तू


खारवाडी, दिघीजवळ
२० नोव्हेंबर १९३२

दत्तू,

तुला आणि वेणूवहिनींना सलाम.

पालखी करतो. सागवान घ्यावं, पण वाळलेलं. ओलं लाकूड स्वस्त पडतं म्हणून तुमचं मंडळ ते घेईल, तसं होऊ देऊ नकोस. दांडा, कठडा, छत सगळं करीन. कठड्यावर वेल काढीन, कमळं काढीन. छताच्या चारही कोपऱ्यांना केळफुलं लावावी असं मनात आहे.

सिंह तेवढे दुसऱ्याकडून करून घ्या. माझा हात दुखतो. बारीक काम होत नाही. पेणला गणपती करणारे आहेत, त्यांच्यात लाकडावर चांगला हात चालणारे एक-दोघे निघतील. ते करतील आणि मी दांड्यावर बसवून देईन, म्हणजे कोणाला काही वाटणार नाही.

संपादकांना सांगायची गरज काय ते कळलं नाही. पालखी जुनी झाली, नवी करतो आहोत.

शिवदास तांडेलाचा मचवा दुरुस्तीसाठी आवारात उभा आहे. तो रोज येऊन एक चूक काढतो आणि विडी ओढून जातो. घरात मी एकटा असतो. धाकटी सून डबा पाठवते. चव वेगळी आहे, पण वाईट नाही.

शमसू


गिरगाव
२८ नोव्हेंबर १९३२

शमसूभाई,

काल भाऊच्या धक्क्यावर शिवदास भेटला. सुकी मासळी घेऊन आला होता. मिस्त्रींच्या हाताला काय झालं म्हणून विचारलं, तर आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, हात ना, व्हय, दुकतो तर. नंतर बोलता बोलता सांगून गेला की तू दिवसभर त्याच्या मचव्यावर फळ्या तासायला वाकस चालवतोस आणि पुढच्या नाळेची फळी एकट्याने बसवलीस.

वाकस चालवणाऱ्या हाताला पटाशी जड होते हे मला पटवू नकोस. सिंह बसवायचे चालतील आणि करायचे चालणार नाहीत, हे कसलं दुखणं? आपण एका बाकावर बसून मार खाल्लेला आहे. गावात कोणी काही बोललं का? नवे पेशइमाम आले आहेत असं ऐकतो. त्यांनी तुला अडवलं असेल तर स्पष्ट लिही. मुंबईत मी तेच बघतो आहे, दोन्हीकडे चार माणसं ओरडतात आणि बाकीचे मान खाली घालतात. तू घालू नयेस असं वाटतं.

वेणूने नारायण तेल पाठवलं आहे. तिला हात दुखतो हे खरं वाटलं.

दत्तू


खारवाडी
१५ डिसेंबर १९३२

दत्तू,

तेल मिळालं. गुडघ्याला लावतो.

हात दुखत नाही. तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

मला कोणी अडवलेलं नाही. पेशइमाम रोज पहाटे फजरची नमाज पढवून माझ्या आवारावरून घरी जातात. मागच्या वर्षी सदूच्या घरच्या देव्हाऱ्यासाठी मी पोपट कोरत होतो, तेव्हाही ते गेले. सलाम केला आणि खाडीकडे बघत पुढे गेले. चांगला माणूस आहे. त्यांचं नाव यात घेऊ नकोस.

भादव्यात हलिमाला ताप भरला. खाडीला उधाण होतं, श्रीवर्धनहून डॉक्टर आणायला होडी निघेना. मी तिच्याजवळ बसून होतो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून तिचा श्वास बघत होतो. तो थांबला तेव्हा तिचा चेहरा तसाच होता. नाक तेच, ओठ तेच, भुवईजवळ लहानपणी पडल्याचा व्रण तोच. काहीच कमी झालं नव्हतं आणि काहीच उरलं नव्हतं.

चाळिसावा झाल्यावर सदू येऊन सांगून गेला की पालखी नवी होणार. हाताला काम असावं म्हणून मी फणसाच्या लाकडाचा एक तुकडा घेतला आणि सिंहाचं तोंड काढायला बसलो. जबडा काढला, नाक काढलं. मग पटाशी खाली ठेवली.

मदरशात आम्हाला शिकवलेलं की जो जिवाची आकृती करतो त्याला कयामतच्या दिवशी सांगतील, केलंस ना, आता हिच्यात जान घाल. आणि त्याला ते जमणार नाही. मी यावर मनात एक उत्तर करून ठेवलं होतं. डोळे मी केलेले नाहीत, सदू गुरवाने केले आहेत, त्याला विचारा. हसू नकोस, मी खरंच असं म्हणत आलो. माझे वडीलही बहुतेक हेच म्हणत असतील. डोळे नाहीत तोवर ते नुसतं लाकूड, असं आम्ही म्हणायचो, आणि तुमचे गुरवही तसंच म्हणायचे. म्हणून तर इतकी वर्षं सगळ्यांचं निभावलं.

पण त्या दिवशी ते तोंड माझ्या मांडीवर होतं आणि मला कळलं की डोळे असण्या-नसण्याने काही होत नाही. हलिमाचेही मिटलेले होते.

मला भीती वाटते असं समज हवं तर. किंवा लाज. मी ज्यात जान घालू शकत नाही त्याचा चेहरा मला आता करायचा नाही. यात तुमच्या देवीचा अपमान नाही. ती आणि तुम्ही तुमचं बघा. फुलं-पानं करायला आमच्यात हरकत नाही आणि मला ती करायची आहेत. पालखी माझ्या हातून व्हावी असं मलाही वाटतं.

बाकी सगळ्यांना हात दुखतो एवढंच सांग. मी नाही म्हणालो असं झालं तर दोन्हीकडचे लोक ते आपापल्या सोयीने उचलतील. माझ्यात आता कोणाला काही समजावायचा जोर नाही. हे तुझ्या-माझ्यात राहू दे.

शमसू


गिरगाव
१६ जानेवारी १९३३

प्रिय शमसूभाई,

पत्राला उशीर झाला, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं. तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. इतका चांगला कारागीर दुःखाने स्वतःला असं कोंडून घेतो हे मला बघवेना. भाभींच्या जाण्याचा तुझ्या मनावर परिणाम झाला आहे आणि त्यात लहानपणी भरवलेली भीती वर आली, असं मला वाटतं.

म्हणून मी चौकशी केली. आमच्या छापखान्यात उर्दू पुस्तकं बांधायला येणारे एक गृहस्थ आहेत. ते मला भेंडीबाजाराच्या पलीकडे एका वृद्ध मौलवींकडे घेऊन गेले. फार शांत माणूस. दंगलीत त्यांच्या मशिदीत हिंदू कुटुंबं राहिली होती असं नंतर कळलं. रोजे चालू असूनही त्यांनी मला वेळ दिला आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी नाव-गाव न घेता सगळं विचारलं. ते म्हणाले, या बाबतीत आलिमांची, म्हणजे धर्म जाणणाऱ्यांची, मतं सारखी नाहीत. आकृती अपुरी असेल, जगू शकणार नाही अशी असेल, तर तिला दोष नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पूजेच्या जागेसाठी असेल तर हात लावू नये म्हणणारेही आहेत. शेवटी ते असंही म्हणाले की ज्याच्या मनात खटका आहे त्याने करू नये, पण असं धर्माची माणसं सावधगिरीने म्हणतातच.

म्हणजे बघ, तुमच्या आजोबांची रीत बरोबर होती. तू मोकळा आहेस.

गावात कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून मी देवळाचे मुख्य पंच तुळशीरामशेठ यांना पंचांच्या नावे लिहिलं, आणि तुमच्या जमातीच्या मुकादमांनाही वेगळं लिहिलं. मंडळाने वर्गणीसाठी पत्रक काढलं आहे, त्याची एक प्रत सोबत आहे. त्यात चार ओळी तुझ्यावर आहेत. ‘खारवाडीचे वृद्ध मुसलमान कारागीर शमसुद्दीन मिस्त्री यांच्या मनातील धर्मशंका थोर आलिमांनी दूर केली असून तेच देवीचे सिंह घडविणार आहेत.’ वृद्ध लिहिलं म्हणून रागावू नकोस, वाचायला बरं वाटतं. संपादकांनी पत्रक ठेवून घेतलं.

आता पटाशी उचल.

तुझा
दत्तू


खारवाडी
१४ फेब्रुवारी १९३३

रा. रा. दत्तात्रेय बाबाजी तोडणकर, चिटणीस, यांस सलाम.

तुमचं पत्रक गावात पोचलं. माझ्या आधी ते सुपारीच्या बागेत, धक्क्यावर आणि मशिदीत पोचलं होतं. रमजान असल्यामुळे लोक मशिदीत जास्त होते.

ईदनंतरच्या जुम्म्याला मुकादमांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांचाही इलाज नव्हता, पोरांनी मागितलं. मग मला उभं करून विचारलं की सिंह तुम्ही केले होते का. विचारणाऱ्या पोरांचे बाप तिथे बसले होते. त्यांनी मला ते सिंह करताना पाहिलं आहे, एकाने तर सागवान उचलायला हात दिला होता. सगळ्यांनी मान खाली घातली. पेशइमामांना आजवर काही दिसलं नव्हतं, ते आता त्यांना बघावं लागलं. त्यांनी मला तोबा करायला सांगितलं. मी केली. ती मी घरी आधीच केली होती, आता माणसांसमोर करावी लागली.

तिसऱ्या दिवशी तुळशीरामशेठनी देवळाच्या पारावर बोलावलं. म्हणाले, “मिस्त्री, इतकी वर्षं देवीचा नारळ घेतलात, आणि आता आमची देवी तुम्हाला गुनाह वाटायला लागली?” मी म्हटलं, देवी नाही, माझा हात. ते म्हणाले, हातच ना, मग तो दुखतो असं खोटं का सांगितलंत. पालखीचं सगळंच काम पेणला दिलं आहे. दांडा, कठडा, छत, सगळं. मी सागवान बघून ठेवलं होतं, ते त्यांना नको.

शिवदास संध्याकाळी आला. मचव्यात बसून एक विडी संपवली, दुसरी पेटवली. त्याच्या जातीतल्यांनी त्याला मचवा दुसऱ्याकडे न्यायला सांगितलं आहे. मी म्हटलं, ने. त्यावर तो जे बोलला ते तुम्हाला कळवायला हवं म्हणून जसंच्या तसं लिहितो.

“मिस्त्री, तुजा हात दुकत न्हाय ह्ये आमाला सगल्यांना ठावं व्हतं. माजे बायकोला पन ठावं व्हतं. पन मानूस हात दुकतो बोलला का आमी बोलतो, बरा, दुकतो. मंग भांडान न्हाय व्हत. तुज्या त्या मुंबयवाल्याला यवढा पन कल्ला न्हाय? त्यो गावचा हाय का मेला पावना?”

मचवा त्याने नेला नाही. मासळीचे दिवस निघून चालले आहेत, तो तरी कुठे नेणार.

तुम्ही वाईट हेतूने काही केलं नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्यावर नीट रागावताही येत नाही, आणि त्याचा थकवा जास्त आहे. माझ्या मनातली शंका दूर झाली असं तुम्ही छापलं. ती शंका नव्हती.

शमसुद्दीन इस्माईल मिस्त्री


गिरगाव
२२ फेब्रुवारी १९३३

शमसूभाई,

पत्र वेणूने वाचलं. मला जेवायला वाढून ती स्वतः आत गेली.

मी चुकलो. मौलवींचं शेवटचं वाक्य तुझ्यासाठी होतं आणि मी ते बाजूला ठेवलं, कारण मला पुढचा मजकूर आधीच ठरलेला हवा होता. दंगलीनंतर मला दाखवायला काहीतरी पाहिजे होतं. ते तुझ्याजवळ आहे असं मी धरून चाललो. तू हो म्हणत होतास तोवर मला वाटायचं, आपण किती सांभाळून घेणारे. तू एकदाच नाही म्हणालास तर मी तुला दुरुस्त करायला निघालो. मी रोज दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढतो, तशी.

चिटणीसपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. दुसरं पत्रक काढतो, त्यात सगळं खरं लिहितो, की मिस्त्रींची श्रद्धा आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. जत्रेला मी येतो आणि पारावर उभा राहून पंचांसमोर बोलतो. संपादकही छापतील.

तू सांगशील ते करीन.

दत्तू


(पोस्टकार्ड)

खारवाडी
३ मार्च १९३३

दत्तू,

दुसरं पत्रक नको. पहिलं लोक आता पुड्या बांधायला वापरतात. दुसरं आलं की पुन्हा वाचतील.

राजीनामा देऊ नकोस. तुझ्या जागी मुसलमान नको म्हणणाऱ्या त्या दोघांपैकी एक येईल.

यंदा जत्रेला येऊ नकोस. तू आलास की सगळे तुझ्याकडे बघतील आणि मग माझ्याकडे. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे. तू सांगशील ते करीन म्हणालास म्हणून सांगतो.

शिवदासाचा मचवा पाण्यात गेला. गळत नाही.

शमसू


खारवाडी
१३ एप्रिल १९३३

दत्तू,

तू आला नाहीस. सदूने विचारलं, मी म्हटलं छापखान्यात काम असेल.

बकरीद आणि जत्रा एकाच आठवड्यात आली. पत्रकामुळे हवा आधीच तापलेली, म्हणून कोणीतरी वर कळवलं आणि मुरुडहून एक शिपाई आला. तो आमच्याकडे जेवला, तुमच्याकडे जेवला आणि उरलेला वेळ माडाखाली झोपला. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही.

पालखी पेणहून आली ती मी पाहिली. सिंह चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. आयाळ माझ्यापेक्षा बरी जमली आहे. दात जरा जास्त झालेत. डोळे त्याने तिथेच काढून, रंगवून आणले, त्यामुळे सदूला उघडायला काही उरलंच नाही. तो तीन दिवस माझ्या आवारात रुसून बसला होता. म्हणे, मिस्त्री, तुमचं काम गेलं ते समजलं, माझं का गेलं? मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

दरवर्षी मी पालखीच्या मागून चालायचो. चढावर खुंट्या ढिल्या होतात, म्हणून माझ्याकडे हातोडा आणि पाचरी असायच्या. यंदा बोलावणं नव्हतं. घरात बसलो असतो तर रागाने बसला म्हणाले असते, म्हणून रस्त्याच्या कडेला चार माणसांत उभा राहिलो. पालखी समोरून कशी दिसते हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. बरी दिसते.

चढाला लागल्यावर दांडा कुरकुरला. मला तो आवाज कळतो. लाकूड ओलं घेतलं होतं, चैत्राच्या उन्हाने ते आखडलं आणि पुढची खुंटी निम्मी बाहेर आली. भोई थांबले. पुढच्याच्या खांद्यावर सगळा भार गेला, त्याची मान वाकडी झाली. ढोल बंद पडले. भोई माझ्याकडे बघायला लागले, मग त्यांच्याकडे बघून बाकीचे. तुळशीरामशेठ तेवढ्यात फेटा सोडून पुन्हा बांधायला लागले.

मी विचार केला नाही. केला असता तर कदाचित पाय उचलला नसता. कोणाच्या तरी कुंपणाची काठी तासून पाचर केली आणि दगड घेऊन पुढे गेलो. खुंटी दांड्याच्या टोकाशी, सिंहाच्या अगदी गळ्याखाली आहे. तो माझ्याकडे बघत होता आणि मी पाचरीकडे बघत होतो. दोन-चार घाव घातले, बसली. भोयांनी खांदा दिला आणि पालखी वर गेली. फेटा तोवर बांधून झाला होता.

शेठनी नारळ पाठवला नाही. मीही वाट पाहिली नाही. आमच्यातली दोन पोरं तिथे होती. रात्री ती पेशइमामांकडे गेली असं ऐकतो. त्यांनी विचारलं, मूर्ती केली का? पोरं म्हणाली, नाही, लाकूड ठोकलं. ते म्हणाले, मग झोपा जाऊन.

दत्तू, हे तुला लिहिलं कारण तुला लिहायची सवय आहे. मंडळात सांगू नकोस. कुठे छापू नकोस. यात दाखवण्यासारखं काही नाही. एका माणसाची मान मोडत होती.

वहिनींना सलाम. सुनेच्या डब्याची चव आता सवयीची झाली.

शमसू


गिरगाव
२६ एप्रिल १९३३

शमसू,

पत्र मिळालं. वेणूला वाचून दाखवलं आणि पेटीत ठेवलं.

जत्रेच्या दिवशी मी छापखान्यातच होतो. एका पंचांगाची प्रुफं होती. त्यात चैत्री पौर्णिमा चुकीच्या वाराला पडली होती, ती दुरुस्त केली. दिवस कसाबसा गेला.

काल संपादक आले होते. गावाहून आलेल्या कोणीतरी त्यांना अर्धवट सांगितलं होतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “तोडणकर, पालखी अडली तेव्हा तुमच्या त्याच मिस्त्रीने ती सावरली म्हणे? या दिवसांत अशी बातमी सोन्यासारखी आहे. उद्या पहिल्या पानावर घेतो, तुम्ही फक्त हो म्हणा.” समोर कागद होता, हातात पेन्सिल होती. मजकूर मला उभ्या उभ्या सुचत होता. खोटा नव्हता, वाईटही नव्हता.

मी म्हटलं, “लाकूड ओलं होतं. खुंटी निघाली, ती ठोकली. बातमी काही नाही.”

“पण ठोकली कोणी?”

“खाडीकाठचं गाव आहे,” मी म्हटलं. “पाचर ठोकणारे पुष्कळ आहेत.”

ते खुर्ची मागे सारून उठून गेले.

दत्तू